हिंदी बोलणारी कॅसेट

"रत्नपाल, आज तू खाली बस," हॉलचा मालक फुलसिंग म्हणाला. "कॅसेट हिंदी हाय. आता तीच बोलती."

रत्नपाल टीव्हीशेजारच्या स्टुलावरून उठला. जवळा बाजार गावच्या या पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये चार वर्षं तो त्याच स्टुलावर बसून इंग्रजी पिक्चर मराठीत सांगत आला होता. त्याचं इंग्रजी बेताचंच. पण ज्यांना सांगायचं त्यांचं तेवढंही नव्हतं, त्यामुळे कधी कुणाचं अडलं नाही.

बाकीचे पिक्चर आले नि गेले. हा एक मात्र महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी लागायचाच. जुना, रंग उडालेला, रॉकेटमधल्या सात माणसांचा. आभाळातलं एक जनावर त्यांच्या मागे लागतं आणि ज्याचं जे माणूस मेलेलं असेल त्याच्या आवाजात दाराबाहेरून हाक मारतं. दार उघडलं की खेळ खलास. कोण कधी मरणार हे अख्ख्या बाजाराला पाठ होतं. तरी माणसं दर वेळी बोंबलायची, आणि खरं तर बोंबलायलाच यायची.

जनकाबाई सगळ्यात पुढे सतरंजीवर बसली होती. भाजीची टोपली शेजारणीच्या हवाली करून ती या एकाच पिक्चरला यायची. रॉकेटची कप्तान एक बाई असते, तिचं पोरगं मेलेलं असतं, आणि जनावर त्या पोराच्या आवाजात तिला बोलावतं. जनकाबाई तेवढ्यासाठी यायची. तिथं जनावर इंग्रजीत नक्की काय म्हणतं ते रत्नपालला कधी कळलंच नव्हतं. 'मदर' एवढा एक शब्द कानाला लागला आणि पहिल्याच वेळी त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं होतं, "माय! ए माय, दार उघड की. भूक लागली."

ते बोलणं भागवतचं होतं, आणि आवाजही भागवतचा. भागवत म्हणजे जनकाबाईचा मुलगा. शाळेत तो रत्नपालच्याच बाकावर बसायचा. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तो गेला, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हॉलमधल्या कुणीतरी ही गोष्ट जनकाबाईच्या कानावर घातली. रत्नपालला स्वतःची लाज वाटली होती. पण पुढच्या महिन्यात ती येऊन पुढे बसलेली दिसली, तेव्हा ते वाक्य बदलायची त्याला हिंमत झाली नाही. तेव्हापासून तो दर महिन्याला भागवत होत आला होता.

आज पिक्चर झकास चालला होता. हिंदीत सगळं धडाधड समजत होतं. रत्नपालनं चार वर्षं ज्याला कप्तान बाईचा दीर केला होता, तो तिचा नवरा निघाला. माणसं खो खो हसली आणि वळून रत्नपालकडे बघायला लागली. तोही हसला. दुसरं काय करणार?

मग ते लोखंडी दार आलं. बाहेरून आवाज आला, जाडाभरडा, मुंबईच्या कुणा नटाचा असावा. "माँ, दरवाज़ा खोलो. मैं आ गया हूँ."

हॉलमध्ये पत्रे उडतील अशी बोंब उठली. जनकाबाई उठून उभी राहिली.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली.

"ओ बाई, खाली बसा! काही दिसून न्हाई राहिलं!" मागून कुणी ओरडलं.

"रत्नपाल, तू काहून गप हायस? बोल की."

रत्नपालनं फुलसिंगकडे पाहिलं. फुलसिंगनं नाही म्हणून मान हलवली. मागची माणसं शिट्ट्या मारायला लागली होती. रत्नपालनं जनकाबाईचा दंड धरला आणि दारावरचा पडदा सारून तिला बाहेर आणलं.

बाहेर रणरणतं ऊन होतं. बाजार ऐन भरात आला होता. जनकाबाई पत्र्याला टेकून उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले.

"हां. बोल आता."

रत्नपाल म्हणाला, "माय! ए माय, दार उघड की. भूक लागली."

तिनं डोळे उघडले.

"ह्यो तर तुझा आवाज हाय."

त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं. मग तिसऱ्यांदा, आवाज थोडा चढवून. कांदे घ्यायला वाकलेली दोन माणसं वळून बघायला लागली. हॉलच्या अंधारात, पडद्यावर ते जनावर दिसत असताना भागवत आपोआप त्याच्या गळ्यात यायचा. इथं उन्हात कितीही शोधला तरी तो सापडेना. चौथ्यांदा रत्नपाल म्हणायला गेला आणि त्याला रडू यायला लागलं.

"ऱ्हाऊ दे, लेकरा," जनकाबाई म्हणाली. "घसा दुखंल तुझा."

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला. निघायला पाऊल उचललं आणि थांबली.

"येक सांग मला. मी आपली हाक आयकली की उठून जायची, टोपलीपाशी. पुढचं कधी बघितलंच न्हाई. ती बाई दार उघडती का?"

"न्हाई उघडत, मावशी. बाकीचे सगळे मरतेत. ती येकटीच वाचती. उघडत न्हाई म्हणूनच वाचती."

जनकाबाईनं ते नीट ऐकून घेतलं. आत माणसं पुन्हा बोंबलली.

"मग वाचून काय केलं तिनं?" तिनं विचारलं.