गाडीची झोपायची खोड

"बॅटरी ठणठणीत आहे, काकू. गाडीत काहीच दोष नाही," मिस्त्री बॉनेटखालून मान काढत म्हणाला.

"मग सिग्नलला मरते कशी? नाटकं करते?" काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. गल्लीत त्यांना तोफ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

थोरला मुलगा गॅरेजच्या दारात हात पुढे करूनच उभा होता. "आई, ठरलंय आपलं. दोष गाडीत नसेल तर चालवणाऱ्यात आहे. किल्ली माझ्याकडे द्यायची. काल बाबा भर चौकात अडकले. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ! परक्या माणसाने मला फोन केला."

"परक्यांना उद्योग काय दुसरा? आणि गाडी सोडून तुझ्या बापाने करायचं काय? खिडकीत बसून कावळे मोजायचे? जन्मभर गाडी चालवून तुम्हाला वाढवलंय त्यांनी. माझ्या जिवात जीव आहे तोवर किल्ली त्यांच्याच खिशात राहील!"

काका स्टिअरिंगमागे बसून काच पुसत होते. गाडी नव्या तऱ्हेची. सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप झोपायचं, ब्रेकवरून पाय उचलला की आपोआप जागं व्हायचं.

मिस्त्रीने कंप्युटर जोडला. "काका, पाय उचला."

काकांनी बायकोकडे पाहिलं. तिने बोट हलवलं, तेव्हा त्यांनी पाय उचलला.

"पाय उचलायलाही परवानगी लागते वाटतं!" मिस्त्री हसला. मग पडद्याकडे बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही मागची नोंद बघा. सिग्नलला इंजिन दरवेळी नीट चालू होतंय. लगेच कुणीतरी स्टार्टचं बटण दाबतंय. चालू इंजिनावर ते दाबलं की गाडी बंदच पडणार."

"बाबा, तुम्ही दाबता बटण?" थोरल्याने विचारलं.

"मी दाबते!" काकू कडाडल्या.

"तू? शेजारी बसून?"

"का, मला हात नाहीत? इंजिन गप्प झालं की माझा धीर सुटतो. दाबते बटण. काय फाशी देणार आहेस?"

"अगं, बाबांना बोलू दे की कधीतरी!"

"लग्नानंतर बोलले होते एकदा. पुरे झालं तेवढं."

मिस्त्रीने हसू दाबलं. "काकू, मग बटणाला हात लावू नका. प्रश्न मिटला."

"लावणार. शंभरदा लावणार. या वयात माझी खोड जायची नाही. गाडीची मोड."

"झोपायची सोय कायमची बंद करता येईल. पण पेट्रोल जरा जास्त पिईल."

"पिऊ दे. जागी तर राहील."

थोरल्याने पुढे केलेला हात मागे घेतला. "उगाच बाबांवर आळ घेतला मी. आई, तू म्हणजे ना..."

"काय म्हणजे?"

"काही नाही."

काम उरकलं. काकू ताठ मानेने काकांच्या शेजारी जाऊन बसल्या. गाडी निघाली.

मोठ्या रस्त्याला लागतात न लागतात तोच मागून रुग्णवाहिका किंचाळत आली, अगदी खेटून. आजूबाजूच्या गाड्या भराभर कडेला झाल्या. काका आपले मधोमध, निवांत; इंजिनाच्या आवाजासारखाच हा आवाजही त्यांच्या कानापर्यंत पोचला नव्हता.

काकूंनी चकार शब्द काढला नाही. त्यांनी काकांच्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या, तेव्हा कुठे काकांनी आरशात पाहिलं.