क्रम

कोण कोणाच्या ओळखीचं आहे, याच्या जाळ्यातले लपलेले दुवे शोधणारा प्रोग्राम तिने पोलिसांसाठी लिहिला होता. प्रत्येक नातं म्हणजे बीजगणितातली एक क्रिया, ही तिची कल्पना. ते बीजगणित तिला कॉलेजात सरांनी जीव ओतून शिकवलं होतं.

प्रोग्रामने एका फरार माणसाचा दुवा सरांशीच जोडला आणि पोलिसांनी त्यांना घरातून उचललं. कळताच तिने सगळं पुन्हा तपासलं. प्रोग्राम भराभर चालावा म्हणून तिने नात्यांचा क्रम उलटला तरी चालेल असं धरलं होतं. फरार माणूस सरांच्या भाडेकरूचा मित्र होता; प्रोग्रामने त्याला सरांच्या मित्राचा भाडेकरू करून टाकलं होतं, आणि सरांनीच त्याला मित्राच्या घरात लपवलं असा पोलिसांनी अर्थ काढला होता.

ती धापा टाकत ठाण्यात पोहोचली. "साहेब, चूक माझी आहे. सरांचा काही संबंध नाही, त्यांना सोडा!"

आतल्या खोलीतून रुमालाला हात पुसत बाहेर आलेले साहेब खुशीत हसले. "चूक कसली, मॅडम? तुमचा प्रोग्राम अगदी बरोबर निघाला.



सरांनी आत्ताच सगळं कबूल केलंय."