आजपर्यंत

कारकुनाने तिसरा कोरा अर्ज खिडकीतून पुढे सरकवला.

"काका, आता तरी खाडाखोड करू नका. छापलंय ते राहू द्या आणि खाली फक्त सही करा."

छापलेलं वाक्य एवढंच होतं : 'माझा मुलगा सात वर्षांपासून बेपत्ता असून तो परत येणार नाही, याची मला खात्री आहे.' आधीच्या दोन्ही अर्जांवर सरांनी 'परत येणार नाही'वर काट मारून वर बारीक अक्षरात 'आजपर्यंत परत आलेला नाही' असं लिहिलं होतं. मुद्दाम नव्हे, हात आपोआप गेला. चाळीस वर्षं विद्यार्थ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाला चुकीचं विधान दिसलं की राहवत नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

सर शिकवायचे तो विषय ऐकूनच शेजारीपाजारी हात जोडायचे : कधीच न संपणारी अक्षरांची माळ एकेक अक्षर करत वाचणारी यंत्रं. असली यंत्रं फळ्यावरच चालतात. पहिल्या तासाला सर एक अट लिहीत : माळेत कधीतरी 'क' यायला हवा. मग विचारत, "लाख अक्षरं वाचली, 'क' आला नाही. करायची माळ नापास?" कोणीतरी हमखास हो म्हणायचं. सर खुशीत येऊन म्हणत, "घाई झाली! पुढचंच अक्षर 'क' असेल तर?"

शेजारच्या खुर्चीत त्यांची सून बसली होती. तिला पुन्हा लग्न करायचं होतं. माणूस भला होता. सरांनीच त्याला घरी बोलावून चहा पाजला होता. आता घोडं अडलं होतं ते या एका सहीवर. त्यांनी पेन कागदावर टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

"जमत नाही गं मला," सर म्हणाले. त्यांना रडू येत होतं. "आणि उद्या आला तर?"

"मी तुमच्याच वर्गात होते, बाबा," ती हळूच म्हणाली. "कितीही दिवस थांबलं तरी 'येणार नाही' हे काही सिद्ध होत नाही, मला पाठ आहे ते. पण तुमच्या माळेला शेवट नसतो. मी पुढच्या महिन्यात चाळिशीची होतेय."

कारकून घड्याळाकडे बघू लागला. सरांनी कशीबशी सही केली. ती त्यांची सही वाटतच नव्हती. कारकुनाने अर्ज ओढून घेतला आणि त्यावर शिक्का मारला.

तेवढ्यात मागचं दार करकरलं. सरांनी झटकन मान वळवली.

सून त्यांच्याआधीच उठून दाराकडे बघत उभी राहिली होती.