आवाजाची तपासणी

“हा हेमाचा आवाज नाही,” मंदाकिनी म्हणाली आणि पुन्हा उठून उभी राहिली.

टेंभी नाक्याच्या त्या आळीतला एकुलता एक रेडिओ तिच्याच घरी होता. शेजारणी चटईवर दाटीवाटीने बसल्या होत्या. मंदाकिनीची लेक हेमा आज मुंबईला, रेडिओवर पहिल्यांदा गायला गेली होती. टायफॉईडमधून उठल्यापासून हेमाचा गळा धड लागत नव्हता. आज तो साथ देतो की नाही, या काळजीने सकाळपासून आईच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आणि गाणारीचं नाव सांगितलं गेलं तेव्हा नेमका घरातल्या दोन पुरुषांचा एरियलवरून वाद चालला होता, त्यामुळे ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

वाद मुळात रेडिओचाच. मंदाकिनीचा धाकटा भाऊ सुधीर एका साप्ताहिकात नव्या रेडिओंवर लिहायचा, तेही निव्वळ कानाने ऐकून. या रेडिओच्या आवाजात गोडवा नाही, असं त्याने छापून टाकलं होतं. तिचा नवरा भास्करराव वीज कंपनीत मीटर तपासायचे. गोडवा कशात मोजतात, असं विचारून त्यांनी हट्टाने तोच रेडिओ घरी आणला.

“बघा भास्करराव,” सुधीर म्हणाला, “आईला लेकीचा आवाज ओळखू येत नाही. मी काय उगाच लिहिलं होतं?”

“कालच सगळा तपासलाय मी. मीटरचा काटा हवा तिथेच आहे.”

“काट्याला कान असतात का?”

मंदाकिनीला दोघांचाही राग आला. रेडिओ चांगला असेल तर पोरीचा गळाच गेला, असा त्याचा अर्थ होता, आणि तो तिला सोसवत नव्हता. आवाज जाडसर येत होता, थकलेला. हेमा अशी कधीच गात नसे. मंदाकिनी खिडकीशी गेली, परत आली, पदराचं टोक पिळत राहिली.

“अहो, रेडिओच बिघडलाय म्हणा ना,” ती शेवटी म्हणाली. “बंद करा तो. मला नाही ऐकवत.”

भास्कररावांनी रेडिओ बंद केला, मागचा पुठ्ठा काढला आणि आतले काचेचे व्हॉल्व्ह उपसून एकेक तपासायला घेतला. सुधीर शेजारी उकिडवा बसून त्यांच्या चुका काढू लागला. शेजारणी कंटाळून घरी गेल्या. दिवेलागण झाली तरी दोघे हुज्जत घालत होते आणि बिघाड काही सापडत नव्हता.

इतक्यात हेमा दारात आली. चपलाही न काढता तिने आईला मिठी मारली.

“माझे तबलेवाले उशिरा आले, म्हणून आधी दुसऱ्या बाईंना गायला बसवलं,” ती म्हणाली. “माझं त्यांच्यानंतर झालं. आई, गळा एकदाही अडला नाही. ऐकलंस ना गं?”