अक्का पहिल्या रांगेत

गजानन टिपऱ्यांनी विंगेतून डोकावून पाहिलं. पहिल्या रांगेत अक्का बसली होती. नव्या नाटकाचं त्यांनी तिला काहीच कळवलं नव्हतं.

दहा वर्षांत टिपऱ्यांनी कोल्हापूरच्या स्टुडिओंसाठी चौदा बोलपट लिहिले. त्यांतली टाकलेली बायको शेवटी नवऱ्याच्या घरी परतायचीच, कारण निर्मात्यांना तेच हवं असे. या नाटकात मात्र त्यांनी थोरल्या बहिणीची, अक्काची, खरी हकिकत मांडली होती. लग्नाच्या पाचव्या महिन्यात नवऱ्यानं तिला माहेरच्या दारात आणून सोडलं आणि तो पुन्हा आलाच नाही. नावं बदलली होती, पण त्यांच्या गावचा, निपाणीचा कुणीही माणूस ओळखणारच.

दुसऱ्या अंकात नायिका त्याच दारात नवऱ्याचे पाय धरून रडली. थिएटरभर हुंदके ऐकू आले. अक्का तेवढी हलली नाही. मध्यंतर होताच ती उठून सरळ रंगपटात आली.

"अक्का, मी आधी विचारायला हवं होतं," ते कसेबसे म्हणाले.

"हवं होतं. मी त्याचे पाय धरले नव्हते, गजा. त्याला म्हटलं होतं, आता या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही."

त्या दिवशी टिपरे शाळेत होते. तिचं रडणं त्यांनी स्वतःच्या मनानं रचलं होतं.

"उद्याच्या प्रयोगाला थांबते मी," अक्का म्हणाली. "तेवढं नीट लिही."