संत्र्याच्या सालीच्या कॅप्सूल

संत्र्याच्या सालीचा अर्क काचेच्या बशीत वाढवलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी मारतो, हे तिचं संशोधन पेपरात आलं आणि बाबांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या.

"अहो बाबा, बशी वेगळी, माणूस वेगळा!"

"घरात लेक असताना परक्याचं औषध कशाला?"

शेवटी तिनं हात टेकले. डॉक्टरांच्याच गोळ्या कुटून, सालीच्या भुकटीत मिसळून ती कॅप्सूल भरू लागली. तीन महिन्यांत रिपोर्ट सुधारला. बाबांनी तो गल्लीभर मिरवला.

आज शेजारचे काका दारात आले. त्यांनाही तोच आजार. बाबा कौतुकानं तिच्याकडे बघत होते.



"पोरी, मलाही दे तुझ्या कॅप्सूल. डॉक्टरांची इंजेक्शनं मी कालपासून बंद केली."