सोजरबाईंचा एकटीचा फोटो

“हा नको. पुढचा दाखव,” सोजरबाई म्हणाल्या.

निर्मलानं माउस दाबला. सासूबाई दुपारपासून खुर्ची सोडायला तयार नव्हत्या. तीन जुन्या मोबाइलमधले, कॅमेऱ्यातले, लग्नाच्या सीडीतले, असे पंचवीस हजारांवर फोटो तिनं एका सॉफ्टवेअरमध्ये घातले होते. कॉम्प्युटरनं चेहरे ओळखून एकेका माणसाचा ढीग लावून दिला होता. तेवढं काम त्यानं बिनतक्रार केलं. पुढची सगळी तक्रार सोजरबाईंची.

“मले एकटीचा पाह्यजे. रंगीत साडीतला. हसरा. अन् दोन्ही कान दिसले पाह्यजेत.”

“कान कशाला, आई?”

“असू दे. मले आहेत दोन.”

हे सगळं सुरू झालं मथुराबाईंमुळे. सोजरबाईंची लहानपणापासूनची मैत्रीण. मुलाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. एका रात्री झोपली ती उठलीच नाही, आणि घराला कळलं ते सकाळी चहा थंड झाल्यावर. तापीच्या घाटावर दहाव्याला तिचा जो फोटो ठेवला होता, तो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. डोळे अर्धे मिटलेले, खांद्यावर परक्या बाईचं कोपर. सोजरबाई तिथं रडल्या नाहीत. घरी येऊन पदर झटकला आणि म्हणाल्या, “मथुरीसारखं मी माझं होऊ देणार नाही. निर्मला, ती मशीन लाव.”

सत्तरीला टेकलेली बाई स्वतःचा फोटो निवडायला बसली, की घरात जे व्हायचं तेच झालं. मुलगा मधुकर केळीच्या गाड्या भरून निंबोल्याहून आला आणि दारातच भडकला.

“आई, ये सब क्या लगा रखा है? चांगली धडधाकट आहेस तू. बीपीची गोळी घेतेस ना वेळेवर?”

“गोळीचा अन् फोटोचा काय संबंध?”

“असलं अभद्र घरात नको. गल्लीत कळलं तर लोक म्हणतील, पोरानं जित्या आईला फ्रेममध्ये बसवलं.”

“लोकांनी मथुरीला काय दिलं रे? तिच्या पोरानं? तिचा फोटोसुद्धा दुसऱ्यांनीच निवडला. मी जित्ती आहे तवर माझं मी निवडीन. तुले नसंल पाहवत तर जेवून घे.”

मधुकर जेवला नाही. ताट सरकवून उठला आणि डॉक्टरला फोन लावत गच्चीवर गेला. निर्मलाला मात्र भडभडून आलं. म्हातारं माणूस उगाच बोलत नाही, त्याला आतून कळतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. तिनं ठरवलं, सासूबाईंना हवा तस्साच फोटो शोधून द्यायचा.

पण फोटो सापडेना. कॉम्प्युटरनं सोजरबाईंचे ढीगच दोन केले होते. एकात मोठं कुंकू, हिरव्या बांगड्या, आणि प्रत्येक फोटोत शेजारी मामंजी. दुसऱ्यात कोरं कपाळ. त्यात सोजरबाई नेहमी दाराआड, रांगेच्या टोकाला. नातीच्या हळदीत तर त्यांचा नुसता अर्धा गाल आला होता.

स्क्रीनवर प्रश्न आला. ही दोन्ही माणसं एकच आहेत का?

निर्मलाचं बोट थांबलं.

“हो म्हण,” सोजरबाई कडाडल्या. “कुंकू पुसलं म्हणून बाई बदलली का? दाब ते बटन!”

तिनं दाबलं. दोन ढिगांचा एक ढीग झाला. सोजरबाईंनी नाकानं जोरात श्वास सोडला आणि चहा मागितला.

मधुकर खाली आला तेव्हा जरा नरमला होता. “मामंजींबरोबरचा छान आहे तो घ्या की, आई,” निर्मला म्हणत होती, “त्यांना बाजूनं कापता येतं.”

“त्यांना कापायचं नाही. ते आहेत तिथं राहू दे, आनंदात. मले माझा पाह्यजे.”

“मग इच्छापूरच्या यात्रेचे बघ,” मधुकर म्हणाला. “गल्लीची सहल गेली होती ना? समोरच्या वामन मास्तरांनी पेन ड्राइव्ह दिलेला. भला माणूस. आपल्याला काय, सगळ्या गल्लीला वाटले फोटो.”

त्यात तो सापडला. देवीच्या पायऱ्यांवर डाळिंबी साडीत सोजरबाई एकट्या बसलेल्या, पदर वाऱ्यानं मागं सरकलेला, दोन्ही कान उघडे, आणि कुणीतरी काही बोललं असावं तसं तोंडभर हसू. निर्मला बघतच राहिली. सासूबाई अशा हसतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

“हा,” सोजरबाई म्हणाल्या. मधुकरनं तोंड फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दोघी सासवा-सुना चौकातल्या स्टुडिओत गेल्या. फोटोवाल्यानं म्हातारीकडे पाहिलं, सुनेचे सुजलेले डोळे पाहिले आणि आवाज खाली आणला.

“मोठा करू ना, मावशी? सागवानी फ्रेम घ्या. हाराला खिळा मी लावूनच देतो.”

निर्मलाला हुंदका आवरेना.

“अगं, रडतेस काय? माणूस मेलंय का कुणी?” सोजरबाई म्हणाल्या. “फ्रेम नको, भाऊ. मागचं सगळं पांढरं कर अन् पासपोर्ट साइजचे सहा दे.”

तेवढ्यात काचेचं दार ढकलून वामन मास्तर आत आले. इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी. निर्मलाला पाहून ते उंबऱ्यावरच घुटमळले.

“या, या. आता काय लपायचं?” सोजरबाईंनी स्टूल पुढे ओढलं, आपल्या खुर्चीला अगदी खेटून ठेवलं आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, “ह्यांचेही सहा काढ. अन् एक आमचा जोडीनं. कोर्टात लग्न लावायला लागतो म्हणे.”